तुम्ही विचारलंत म्हणून: चांगली साडी कापलीस कशाला?

प्रश्न ठरलेल्या क्रमानेच येतो. आधी माझ्या स्कर्टच्या काठावरून बोट फिरतं. मग "इरकल ना गं ही?" मग "कुणाची?" आजीची म्हटलं की चेहरा बदलतो. "अगं, चांगली साडी कापलीस कशाला? स्कर्ट काय, विकत मिळतात की!"

लग्नात, सोसायटीच्या गणपतीत, क्लासच्या बाहेर, सगळीकडे हेच. दरवेळी मी "जुनी होती हो" म्हणून सुटका करून घेते. ते उत्तर निम्मंच आहे, म्हणून आता पूर्ण लिहिते.

आधी एक खुलासा. पैठणी कापलेली नाही. सुती अंगाची, लाल पदराची नऊवारी इरकल होती आणि आईला विचारून कापली. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, म्हणजे ३२४ इंच कापड. आमच्याकडे आता नऊवारी नेसणारं कुणी नाही. शिवलेली नऊवारी भाड्याने आणून नथ घालून फोटो काढायला कुणाची हरकत नसते. हरकत फक्त कात्रीला असते.

आणि साड्या कापायचा शोध मी लावला का? लुगडं विरलं की त्याची दुपटी व्हायची, परकर व्हायचे, लंगोट व्हायचे, शेवटी पायपुसणं व्हायचं. तुमच्याच घरातली एखादी गोधडी उसवून बघा, आत कुणाकुणाची लुगडी निघतील. आजीने केलं तर काटकसर आणि मी केलं तर उधळेपणा, हे गणित मला पटत नाही.

मात्र इथे माझीही बाजू थोडी लंगडी आहे. गोधडीत लुगडं जातं ते नेसून नेसून मऊ झाल्यावर, आणि शक्य तितकं अखंड, थरावर थर ठेवून. ही साडी अजून नेसता आली असती. मागच्या वर्षीची मी म्हणाली असती, "पडूनच तर होती!" पडून आहे हे कारण लावायचं तर घरातलं अर्धं सामान कात्रीखाली जाईल. म्हणून ते कारण मी आता देत नाही. त्याऐवजी कापड काय सांगतं ते बघते.

साडी खिडकीच्या उजेडासमोर धरायची आणि काठापासून काठापर्यंत सरकवत न्यायची. जिथे उजेड जास्त आरपार येतो तिथे कापड विरलेलं आहे. नऊवारी आधी विरते ती काष्ट्याच्या भागात, बसून आणि घासून. दुसरी जागा घडीची. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घडी घातली की तिथले धागे वाकून कमजोर होतात, रेशीम तर अक्षरशः तडकतं. उजेडात संशय आला की दोन्ही अंगठे दोन इंचांवर ठेवून हलकेच ताणायचं, एकदा उभं, एकदा आडवं. बारीक कर्र आवाज आला तर तो भाग शिलाईच्या कामाचा नाही. काष्ट्याचा भाग आणि घडीच्या जागा वगळूनही नऊवारीत स्कर्टपुरतं सलग चांगलं कापड बहुतेक वेळा निघतं. पाचवारीत, विशेषतः रेशमी असेल तर, निघेलच असं नाही. म्हणून "माझी पण साडी देते, शिवून दे" असं कुणी म्हटलं की मी आधी खिडकीकडे बघते आणि माणसं रागावतात.

मग रंगाची परीक्षा. इरकलचा लाल पदर बऱ्याचदा रंग सोडतो. पांढरा सुती रुमाल ओला करून पदरावर घासायचा. गुलाबी झाला तर पदर आणि अंग एकत्र भिजवायचं नाही. मिठाच्या पाण्यात ठेव, रंग पक्का होईल, असं सगळ्या काकू सांगतात. रंगवताना भांड्यात मीठ घातलं तर सुताला रंग धरायला मदत होते, हे खरं. एकदा रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मात्र मिठाने थांबत नाही. थंड पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत खळबळायचं आणि लगेच पसरून सावलीत वाळवायचं. ओल्या साडीचा बोळा बादलीत ठेवला की डाग पडलाच.

आता कापण्याकडे येते, कारण तुमचा प्रश्न तिथेच अडकलाय. घरातल्यांचं तोंडही तिथेच वाकडं होतं.

कापताना वाईट दिसतं, त्याहून वाईट ऐकू येतं. सुती कापड नीट सरळ हवं असेल तर ते कात्रीने कापत नाहीत, टरकावतात. कडेला छोटा छेद द्यायचा, दोन्ही बाजू घट्ट धरायच्या आणि एका दमात ओढायचं. फाटणारी रेघ एकाच धाग्याने जाते, त्यामुळे काटकोन चुकत नाही. कात्री कितीही जपून चालवा, सव्वा मीटरच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, अर्धा-पाऊण इंच कुठेतरी सरकतेच, आणि मग स्कर्ट एका बाजूने लोंबतो. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाला मात्र एवढंच कळतं की आत आजीची साडी टर्रकन फाटली.

तरी जुन्या साडीला हा उपाय सरसकट चालत नाही. काठ दाट विणलेला असतो, तो टरकत नाही. जोर लावला तर काठाशेजारचं अंग फाटतं. म्हणून दोन्ही काठ कात्रीने कापायचे आणि फक्त मधलं अंग टरकवायचं. अंग पातळ झालं असेल तर तेही नको, कारण फाटत जाणारी रेघ मधेच कमजोर जागी वळते. तिथे एक आडवा धागा टाचणीने उचलून हळूहळू ओढून काढायचा. धागा निघाला की कापडात बारीक फट दिसते, तिच्यावरून कात्री चालवायची. धागा दर वितीला तुटतो. तुटला की टोक शोधायचं आणि पुढे जायचं. वेळ लागतो, चिडचिड होते, पण चूक होत नाही. चौकड्याची इरकल असेल तर धागा ओढायची गरज नाही, चौकटीची रेघच वाट दाखवते.

किती कापायचं ते आधी कागदावर. नितंबाचं माप ३६ इंच असेल तर कंबरपट्टी तयार ३८ हवी, नाहीतर स्कर्ट चढणारच नाही. घेर ८४, म्हणजे पट्टीच्या दुपटीहून थोडा जास्त. हलक्या मलमलीला तिप्पट घेर शोभतो, इरकलच्या जाड अंगाला तेवढा दिला तर कमरेवर गाठोडं होतं. तयार उंची ३६ असेल तर पट्टीचे सव्वा इंच वजा करायचे आणि शिलाईत जाणारी अर्धा इंच माया, म्हणजे जादा कापड, धरायची, म्हणजे कापड सव्वापस्तीस. खालचा काठ तसाच ठेवायचा. तीच स्कर्टची कड, दुमडायला नको. साडीत जो धागा नेसणारीच्या अंगाभोवती आडवा फिरतो तोच इथेही फिरतो, म्हणून कापड साडीसारखंच पडतं. अंब्रेला कट करायचा हट्ट करू नका. गोल कापडाला सरळ काठ बसत नाही, चुण्या पडतात.

पन्हा ४६ असेल तर वरून पावणेअकरा इंचांची पट्टी निघते, वरच्या काठासकट. तिच्यातून साडेतीन इंचांची कंबरपट्टी. एक इंची इलॅस्टिक ओवायला सव्वा इंचाचा नेफा, दुमडून दुप्पट, शिवाय दोन्हीकडे अर्धा इंच माया. उरलेल्या काठाची पेन्सिलची पिशवी किंवा वहीचं कव्हर होतं.

चुण्यांसाठी मशीनचा टाका सर्वांत लांब करायचा, वरच्या दोऱ्याचा ताण सैल, आणि दोन ओळी मारायच्या: एक कडेपासून पाव इंचावर, दुसरी पाऊण इंचावर. पक्की शिलाई दोन्हींच्या मधून, अर्ध्या इंचावर. एकच ओळ मारली तर चुण्या पिळतात. ८४ इंच सलग मारले तर ओढताना दोरा तुटतोच, म्हणून चार भाग करायचे, पट्टीचेही चार, टाचण्यांनी जुळवायचे आणि फक्त खालचा, बॉबिनचा दोरा ओढायचा. पक्की शिलाई झाली की खालची ओळ उसवायची. आणि पक्की शिलाई फार बारीक टाक्याची नको. जुन्या कापडाला जवळजवळ भोकं पडली की ते त्याच रेषेवर फाटतं.

अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. नवं सुती कापड आटतं. ते पट्टीत पकडायचं, म्हणजे बसता-उठता पडणारा ताण आजीच्या कापडावर न येता अस्तरावर येतो. घाईत लोक अस्तर गाळतात आणि मग "जुनी साडी टिकलीच नाही" म्हणतात.

आता "विकत मिळतात की" याबद्दल. मिळतात. अस्तर, इलॅस्टिक, रीळ, इंटरलॉक धरून जेवढे पैसे जातात तेवढ्यात रस्त्यावर तयार स्कर्ट येतो, म्हणून काटकसरीचा दावा मी करत नाही. पण त्याला खिसा असतो का? माझ्या स्कर्टला एकच जोड आहे, उजव्या बाजूला, आणि त्यातच खिसा: तोंड साडेसहा इंच, खोली अकरा, वरची कड कंबरपट्टीत शिवलेली. पट्टीत पकडला नाही तर फोन ठेवल्यावर खिसा गुडघ्याशी लोंबतो.

चित्रकलेचंही तेच. काठाच्या नक्ष्या वहीत उतरवताना दिसले की "इंटरमिजिएट दिलीस ना? गुण मिळाले का?" दिली, मिळाले. अ श्रेणीला दहावीत सात. आता ते मिळून गेलेत आणि मी अजून काढतेच आहे, तर याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला काठ काढायला आवडतो, बस.

पदर मात्र कापलेला नाही. इथे माझं माझ्याशीच पटत नाही. इरकलच्या पदराचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, वेगळा असतो. अंगाचा सुती ताणा संपतो तिथे त्याच्या फासांत पदराच्या रेशमी ताण्याचे फास अडकवतात. विणकर त्याला कोंडी म्हणतात. मी अंग कापलं ते कोंडीच्या अलीकडे चार बोटं सोडून. का सोडली? कापडाच्या हिशेबाने त्या चार बोटांचा काहीच उपयोग नाही. अंगाला कात्री लावताना जे सगळे मुद्दे मी तावातावाने मांडते, ते पदराला तंतोतंत लागू पडतात, आणि तरी तो मलमलीत गुंडाळून नळकांड्यावर ठेवलाय, घडी न घालता. म्हणजे तुमच्या प्रश्नात काही तथ्य आहे का? असेल. किती, ते मला सांगता येत नाही.

सध्या आखणी चाललीय ती जिथे ही साडी विणतात तिकडे जायची. इळकल कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. सोलापूरहून विजयपुरामार्गे गदगकडे जाणारी रेल्वे बागलकोट, गुळेदगुड्ड रोड, बदामी अशी जाते. गुळेदगुड्ड म्हणजे चोळीच्या खणांचं गाव. तेव्हा मुक्काम बदामीला, एक दिवस गुळेदगुड्ड आणि एक दिवस बसने इळकल, अशी मांडणी आहे. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, म्हणून नाताळच्या सुट्टीसाठी ऑक्टोबरच्या शेवटापासून लक्ष ठेवायला हवं. उन्हाळ्यात तिथला दगड तापतो, चित्र काढत बसवत नाही.

बदामीला चार लेणी. तिसऱ्यात चालुक्य राजा मंगलेशाचा इ.स. ५७८ चा लेख आहे. जवळचं मंदिरांचं पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारशात आहे, पण माझा जास्त वेळ बदामीलाच जाणार, त्या तांबड्या दगडासाठी. सामान थोडंच: जाड कागदाची (३०० जीएसएम) छोटी वही, सहा नंबरचा एक ब्रश, जलरंगाची पेटी आणि पाण्याने न पसरणाऱ्या शाईचं पेन. साध्या जेल पेनवर रंगाचा हात फिरला की सगळी रेघ वाहून जाते. खांद्याला पिशवी नको, लेण्यांपाशी माकडं हातातलं ओढतात. फोन आणि पैसे खिशात. स्कर्ट विकत का घेत नाहीस, याचं हेही एक उत्तर समजा.

इळकलला विणकराला एकच विचारायचंय: कोंडी उसवता येते का, म्हणजे पदर न कापता वेगळा करता येतो का. तो हसेल असा माझा अंदाज आहे.

आणि तिथून एक पाचवारी आणायची आहे, आईसाठी. ती कधी कापणार, हे मला आत्ताच विचारू नका.