कानशीला खडू

शाळेच्या महोत्सवानिमित्त माझीपण एक आठवण. १९९८ ला मी आपल्या शाळेतून दहावी झालो. गणितात किती पडले ते इथं नको, भूमितीचे सर वाचतील. त्यांचा तो लाकडी मोठा गुण्या आठवतोय का कुणाला? माझ्या काटकोनाला लावून बघायचे आणि "अंदाजपंचे दाहोदरसे" म्हणत पाठीत एक द्यायचे.

मग विजापूर रोडच्या आयटीआयला फिटर ट्रेड केला आणि २००० ला कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपला अप्रेंटिस लागलो, एक वर्षासाठी. घरात सगळ्यांना वाटलं पोरगं रेल्वेत चिकटलं, आईनं तर सिद्धेश्वराला नारळ पण फोडला. पण १९६१ च्या कायद्यातली ती अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकायचं, स्टायपेंड घ्यायचा, नोकरीची हमी नाही, हे आईला सांगायचा धीरच झाला नाही बरेच दिवस.

सोलापूरहून ऐंशी किलोमीटर. पहाटेची पॅसेंजर, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, ती बहुतेक मोहोळ यायच्या आत संपलेली.

मला वाटलेलं पहिल्याच दिवशी चाकंबिकं हातात देतील. मिस्त्रींनी दिला लोखंडाचा एक तुकडा आणि तो घासायला कानस, म्हणे चारी बाजू काटकोनात आण. दोन आठवडे तेच! हाताला फोड आले, दंड भरून आले, आणि प्रत्येक वेळी मिस्त्री गुण्या लावून तुकडा उजेडाकडं धरायचे, फटीतून उजेड दिसला की "काय बे, खिडकी ठेवली का हितं?" म्हणून परत. मग एक दिवस त्यांनी खिशातून खडू काढून कानशीवर घासला, का तर लोखंडाचा कीस दातात अडकून बसत नाही आणि कामावर ओरखडे पडत नाहीत. तो वास आला आणि मला एकदम आपला नववीचा वर्ग आठवला, खरंच सांगतो, खडू आणि गुण्या दोन्ही इथंपण माझ्या मागं लागलेत असं वाटलं.

तिथं तेव्हा मजा म्हणजे दोन मापाची रेल्वे. १८९७ पासूनची बार्शी लाइट रेल्वेची छोटी लाइन, रुळातलं अंतर ७६२ मिलिमीटर, आणि शेजारी मेन लाइनची मोठी, १६७६. मोठ्या गाडीच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मात्र १६००, कारण चाकाची कड रुळाच्या आतून चालते आणि तिला थोडी मोकळी जागा लागते. ते माप दोन-चार मिलिमीटरनं जरी हललं तरी चाकजोडी बाजूला काढायची. इथं अंदाजपंचे केलं तर गाडी रुळावरून खाली. सर, तेव्हा पाठीतला धपाटा पटला बरं का.

वर्ष संपलं, परीक्षा पास झालो, सर्टिफिकेट मिळालं, रेल्वेत काही लागलो नाही. दोन-तीन वर्षं फॉर्म भरले, वाट बघितली, वाईट वाटलं ते वाटलंच. आता चिंचोळी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पोटापाण्याचं बरं चाललंय.

तो पहिला तुकडा मिस्त्रींनी शेवटच्या दिवशी मला देऊन टाकला. घरी लाइट बिलांवर ठेवलेला असतो. एका कोपऱ्यात अजून बारीक उजेड दिसतो. महोत्सवाला येताना खिशात घालून आणतोय, सर, तुमचा गुण्या तेवढा घेऊन या.