पश्चिमेची भिंत

हर्णैच्या आमच्या घराची समुद्राकडची भिंत जांभ्या चिऱ्याची. वर सिमेंटचा गिलावा करून टाइल्स लावल्या होत्या. चार पावसाळ्यांत त्या पोकळ वाजू लागल्या. चिरा पाणी पितो, त्यातलं मीठ गिलाव्याआड स्फटिक होऊन त्याला बाहेर ढकलतं. यंदा सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. त्यातून ओल बाहेर पडते. पुढे दोन बोटं जागा सोडून फायबर सिमेंटच्या फळ्या ठोकल्या, हवा खेळती राहावी म्हणून. स्क्रू मात्र ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच हवेत, यावर मी अडून बसलो. ३०४ स्वस्त पडतात, पण खाऱ्या वाऱ्यात त्यांवर तांबूस डाग येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते क्षारापुढे टिकतात. आई सांगते, पूर्वी याच भिंतीला पावसाआधी माडाची झापं बांधायचे.