कोंडलेल्या हवेवर विश्वास

वॉशिंग मशीनमध्ये पाणी मोजणारा सेन्सर पाण्यापासून लांब, पार वर, बटणांच्या पट्टीमागे कोरडाठाक बसलेला असतो. पाणी खाली टबात. दोघांची कधी गाठ पडायची नाही, आणि पडलीच तर सेन्सर कामातून गेला म्हणायचं. खालची खबर वर नेते ती करंगळीपेक्षा बारीक एक नळी, आणि त्या नळीतही पाणी नसतं, नुसती हवा असते.

टबाच्या बुडाशी, बाहेरच्या अंगाला, एक छोटासा कप्पा असतो. टब भरायला लागला की पाणी त्या कप्प्यात शिरतं, तिथली हवा कोंडते आणि नळीतून वर दाब देते. वर सेन्सरमध्ये रबराचा पातळ पडदा ताणलेला असतो, तो या दाबाने फुगतो. जुन्या मशीनमध्ये पडदा पुरेसा फुगला की टक् असा आवाज यायचा आणि पाणी बंद व्हायचं. हल्लीच्या मशीनमध्ये पडद्याला फेराइट या चुंबकीय पदार्थाचा तुकडा जोडलेला असतो. तो तारेच्या वेटोळ्यात सरकतो, त्याने सर्किटची फ्रिक्वेन्सी बदलते आणि त्यावरून मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतं की पाणी कुठवर आलं. टबात ३० सेंटिमीटर पाणी असेल तर हा दाब होतो साधारण ३ किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम ३ टक्के. माणसाने नळीत नुसती फुंकर मारली तरी एवढा दाब सहज होतो. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला बाहेरची मोकळी हवा असल्यामुळे सेन्सर फक्त दोन्हीकडच्या दाबातला फरक मोजतो. त्यामुळे मुंबईत घेतलेलं मशीन ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात आणलं तरी त्याला काही जुळवून घ्यावं लागत नाही. मुंबईहून इथे राहायला येणाऱ्या माणसांबद्दल असं म्हणता येणार नाही.

पाणी न बघता पाण्याचा अंदाज घेणं हे पुणेकराला तरी नवीन नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, हे त्याला पाठ असतं. पावसाळ्यात रोजचा आकडा तो पेपरात क्रिकेटच्या स्कोअरआधी बघतो. पण एक टीएमसी म्हणजे नेमकं किती पाणी, हे विचारलं तर चहाचा घोट घेऊन विषय बदलतो. त्याचा खरा सेन्सर म्हणजे नदीपात्रातला भिडे पूल. पूल पाण्याखाली गेला की वर धरणातून पाणी सोडलंय आणि आता डेक्कनला जायला लांबचा फेरा पडणार, एवढं त्याला कळतं आणि तेवढं पुरतं.

आमच्या मशीनचं बिनसलं ते आईच्या आधी लक्षात आलं. मशीन सुरळीत भरायचं, धुवायला लागायचं आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा पाणी घ्यायला लागायचं. "हे मधेच तहानल्यासारखं का करतंय?" आई म्हणाली. टब हळूहळू काठोकाठ भरायचा, कपडे नुसते तरंगायचे. हे ज्या आठवड्यात चाललं होतं, त्याच आठवड्यात सोसायटीच्या जिन्यात 'पाणी जपून वापरा' असा कागद लागला होता. शेवटी एकदा पट्टीवर दोन इंग्रजी अक्षरं लुकलुकली आणि मशीन बसलं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडच्या मुलाने अक्षरं ऐकली आणि लगेच निदान केलं, "लेव्हल सेन्सर गेला असेल मॅडम. नाहीतर मग बोर्ड." बघितल्याशिवाय कसं कळलं, असं मी विचारल्यावर म्हणाला, "कोडच त्याचा आहे." माझं मत असं की कोड म्हणजे फक्त तक्रार असते. पाण्याच्या पातळीचा हिशेब लागत नाहीये, एवढंच बोर्ड सांगत असतं. आता तो सेन्सरमुळे लागत नाही, नळीमुळे, बुडाच्या कप्प्यामुळे, की कनेक्टरच्या गंजलेल्या पिनेमुळे, हे बोर्डाला कुठून कळणार? पण आपल्याकडे दुरुस्ती बदलायच्या भागापासून सुरू होते, आणि भाग जितका महाग तितकी त्याच्यावरची शंका पक्की.

मग गल्लीच्या टोकाला मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी आधी प्लग काढला, तोही स्वतःच्या हाताने, मी "बंद केलंय काका" म्हणाले तरी. मागची पट्टी उघडली. तीन तारांचा कनेक्टर काढून, पिना बघून परत दाबून बसवला. मग सेन्सरवरून नळी ओढून काढली आणि म्हणाले, "ताई, बादलीत पाणी आणा थोडं."

नळी दोन्हीकडून सुटी केली. एक टोक बोटाने दाबून धरलं, मधला भाग बादलीत बुडवला आणि दुसऱ्या टोकाने हलकेच फुंकलं. आधी काहीच झालं नाही. मग त्यांनी नळी थोडी पुढे सरकवली, आणि वरच्या टोकापासून दोन बोटांवरून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक ओळीने निघायला लागले. मशीन फिरताना नळी तिथे पत्र्याच्या कडेला घासत होती. एवढ्याशा भोकातून कोंडलेली हवा हळूहळू निसटायची, सेन्सरवरचा दाब उतरायचा, आणि बोर्डाला वाटायचं की पाणी कमी झालं. मग ते आणखी पाणी घ्यायचं. सेन्सर बिचारा मिळेल त्या दाबाचा चोख हिशेब देत होता.

काकांनी दोन बोटं नळी कापून टाकली. उरलेली पुरेशी लांब होती. पत्र्याच्या कडेला जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा लावला. "नवी नळी तपकीर गल्लीत मिळेल, पण कशाला?" खालच्या कप्प्याचं तोंडही त्यांनी तपासलं. तिथे पावडर आणि टॉवेलचे तंतू मिळून करड्या लोण्यासारखा गोळा साचला होता. तो वाढून तोंड बुजलं असतं तर उलटाच घोळ झाला असता. टबातलं पाणी निघून गेलं तरी हवा कोंडलेलीच राहते आणि मशीन समजतं की टब अजून भरलेला आहे. मी तिथेच नळी बसवून टाकायला निघाले तेव्हा त्यांनी अडवलं. टबात तळाशी पाणी राहिलं होतं. ते पूर्ण काढून मगच नळी जोडायची, नाहीतर भरलेल्या टबालाच मशीन रिकामा समजतं आणि तिथून पुढे सगळं मोजमाप चुकतं.

ही गोष्ट जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितली, तर त्यांचं प्रकरण आणखी पुढचं निघालं. त्यांचं फ्रंट लोड. पाणी घेत राहायचं, पण धुणं सुरूच व्हायचं नाही. त्यांचा सेन्सर बदलून झाला होता, बिलही भरून झालं होतं, आणि मशीन तसंच. मी जाऊन बघितलं तर सांडपाण्याचा पाइप आकड्यावरून निसटून मोरीत जमिनीवर पडलेला. तो ६० सेंटिमीटर ते १ मीटर उंचीवर अडकवलेला पाहिजे. खाली पडला की आत आलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन बाहेर निघून जातं. जुना सेन्सर सांगत होता की टब रिकामा आहे, आणि टब खरंच रिकामा होता.

पाइप वर अडकवला आणि मशीन चालू झालं. काकूंनी बदललेला सेन्सर त्या माणसाकडून परत मागून घेतला होता, घरात कागदात गुंडाळून ठेवला होता. "चांगला आहे म्हणतेस ना?" त्यांनी विचारलं. "मग तुमच्या मशीनला बसेल का? निम्म्या किमतीत देते." मी कनेक्टर बघून सांगितलं की बसणार नाही. तेव्हापासून त्या सोसायटीत कोणाकोणाकडे फ्रंट लोड आहे, याची चौकशी करतायत.