आमची वाटचाल : दुरुस्तीला आलेलं पहिलं रीळ

रत्नागिरीतलं आमचं दुकान मुळात शिलाई मशीन दुरुस्तीचं. वडिलांच्या बाकावर बसूनच मी हात बसवला. 2008 च्या मे महिन्यात सुट्टीला गावी आलेले एक गृहस्थ मासे गरवायचं रीळ घेऊन आले. भाट्याच्या किनाऱ्यावर ते वाळूत पडलं होतं आणि हँडल जागचं हलत नव्हतं. "शटल उघडता ना, मग हेही उघडून बघा," म्हणाले. आत मीठ आणि वाळू मिळून दगडासारखा थर बसलेला. दोन दिवस लागले, पण रीळ फिरलं. पुढच्याच आठवड्यात आणखी तीन आली.

मग मी या यंत्राबद्दल मिळेल ते वाचू लागलो. या प्रकारच्या रिळाचं पेटंट 1905 साली आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी घेतलं, आणि ते इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे कापड गिरणीवाले! गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत सुटतं, तसाच इथे तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, स्पूलच्या (तो गुंडाळायच्या चकरीच्या) कडेवरून सुटतो. फेकताना स्पूल स्वतः फिरत नाही. दोऱ्याच्या कोनवरून सुटणारा दोरा लहानपणापासून पाहिला होता, त्यामुळे हे वाचून मला फार आनंद झाला. आपलं काम अगदीच परकं नाही, असं वाटलं.

2012 पासून आम्ही रिळं विकायलाही लागलो. भाट्यासारख्या उथळ किनाऱ्यावर लाट आधी बाहेरच्या वाळूच्या पट्टीवर फुटते, मग पुन्हा काठाशी. मासा बऱ्याचदा त्या पट्टीच्या पलीकडे असतो, म्हणून लांब फेक लागते. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "बेअरिंग किती?" आम्ही स्पूल हातात देतो. स्पूल अरुंद आणि खोल असेल, तर शंभर मीटर तंगूस सुटेपर्यंत त्याची पातळी खूप खाली जाते आणि उरलेला प्रत्येक वेढा कडेला घासत बाहेर पडतो. स्पूल रुंद, लांब आणि उथळ असेल, तर पातळी फारशी उतरत नाही. म्हणून शंभर-सव्वाशे ग्रॅमचं शिसं फेकणाऱ्याला आम्ही मोठ्या, लांब स्पूलचंच रीळ दाखवतो. तंगूस कडेच्या एक-दोन मिलिमीटर खालपर्यंत भरायचा. कमी भरला तर फेक मरते, जास्त भरला तर गुंता होतो. वेणीचा (अनेक बारीक धागे विणून केलेला) दोरा असेल तर खाली आधी थोडा साधा नायलॉन, नाहीतर सगळा दोरा स्पूलवर गोल गोल घसरतो. आणि पुढे शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसणारा जाड दोऱ्याचा तुकडा, हवाच. चार औंस शिशाला चाळीस पौंडांचा ताण सोसणारा, हा आमचा नियम. लीडर नसताना दोरा तुटला, तर ते शिसं शेजारच्या माणसाच्या डोक्याकडे जाऊ शकतं, त्यामुळे यात आम्ही सवलत देत नाही.

एक चूक सांगायलाच हवी. सुरुवातीला एका रिळाच्या उलटं फिरणं रोखणाऱ्या क्लचमध्ये मी घट्ट ग्रीस भरलं. तिथे पातळ तेलाचा एखादा थेंब पुरतो. ग्रीसमुळे आतले रोलर अडकेनासे झाले. मोठा मासा लागला, हँडल उलटं फिरलं आणि त्या भाऊंची बोटं सोलवटली. पैसे परत केले, माफी मागितली. तेव्हापासून प्रत्येक रिळाची वही ठेवतो : कुठे तेल, कुठे ग्रीस, कोणत्या तारखेला.

दुरुस्तीला येणाऱ्या रिळांत लाइन रोलर, म्हणजे दोरा ज्यावरून वळून स्पूलवर येतो ती छोटी चकती, सगळ्यात आधी गेलेला असतो. ओला, खारा दोरा सतत त्याच्यावरूनच जातो. तो फिरेनासा झाला की नवा दोराही काही दिवसांत झिजतो. म्हणून सांगतो, घरी आल्यावर त्याच संध्याकाळी ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा सोडणारा ब्रेक) घट्ट करा आणि गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आतच ढकलतो. बादलीत तर बुडवूच नका. मग पुसून, स्पूल काढून सावलीत वाळवा आणि ठेवताना ड्रॅग सैल करा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. आणि फेकल्यावर बेल, म्हणजे दोरा स्पूलवर आणणारी तारेची कमान, हातानेच बंद करा.

आता दुकानात आम्ही दोघं आहोत, मी आणि माझी बायको. बारीक स्प्रिंगांचं काम तिच्याच हातचं. जून ते ऑगस्ट बाक रिळांनी भरलेला असतो, कारण समुद्र खवळलेला असतो तेव्हाच गरवणारे रिळं उघडायला देतात. तुम्ही आणाल तेव्हा तंगूस काढून आणू नका. तो कसा भरला होता, हे आम्हाला आधी पाहायचं असतं.