तुम्ही विचारलंत म्हणून: वंशावळीत अजून 'उत्तर सातारा' का?

भावकीतलं लग्न असो की तेरावं, कुणीतरी विचारतंच: "ऑनलाइन वंशावळीत 'जि. उत्तर सातारा' काय लिहून ठेवलंय? असा जिल्हा आहे का कुठे? आजची नावं घाला, म्हणजे शोधायला बरं."

होता असा जिल्हा. संस्थानं विलीन झाल्यावर 1949 मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे केले. 1960 मध्ये उत्तरेचा पुन्हा सातारा झाला, दक्षिणेचा सांगली. कोयना धरणात आमच्या जमिनी गेल्या त्या याच मधल्या काळात. भूसंपादनाच्या कागदाचा तारखेचा कोपरा कसरीनं खाल्लाय, पण 'उत्तर सातारा' एवढं वाचता येतं आणि त्यावरूनच कागद कधीचा ते कळतं. हे मी का पुसू? ड्रॉपडाउनमध्ये बसत नाही म्हणून?

एकदा ते पुसलं गेलंच होतं. चुलतभावानं भल्या हेतूनं सगळ्या नोंदींची ठिकाणं 'प्रमाणित' करून टाकली, म्हणजे संगणक सुचवील ते नाव स्वीकारत गेला. यादीत आमचं बुडालेलं गाव नव्हतं. होतं ते त्याच नावाचं पुनर्वसित गाव, जिल्हा रायगड. सगळे पूर्वज तिकडे गेले.

आत्याला वंशावळ वाचून दाखवताना हे लक्षात आलं. तिचा जन्म रायगडातला, असं मी वाचलं तशी ती म्हणाली, "आमी तिकडं आलो तवा माज्या कडंवर पोर हुतं." मग तिच्या वडलांची नोंद आली: मृत्यू 1941, तेच गाव, तोच जिल्हा. त्या साली तिथं आमचं एकही घर नव्हतं, आणि जिल्ह्याला रायगड हे नाव मिळालं ते 1981 मध्ये. तोवर तो कुलाबा. आजोबांना अग्नी दिला तो कोयनेकाठी. ती जागा आता शिवसागर जलाशयाखाली आहे. आत्या स्क्रीनकडे बघत राहिली. "बाबास्नी तिकडं कशापायी न्हेलं रं तुमी?" मी बदलतो, बदलतो म्हणत राहिलो. त्या दिवशी ती पुढचं ऐकायला तयार झाली नाही.

तुम्ही म्हणता तो हट्ट म्हणजे एवढाच.

पण सुरुवातीला मीही आजच्याच नावांच्या बाजूचा होतो, आणि तेव्हाचा माझा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. एकच गाव एका कागदात एक, दुसऱ्यात दुसरं, इंग्रजी कागदात तिसरंच. सगळं जसंच्या तसं ठेवलं तर परदेशातल्या पुतणीनं शोधायचं तरी कसं? कागदाशी इमान राखायचं आणि घरच्याच माणसांना दार बंद करायचं, हेही मला पटत नाही.

म्हणून सध्या दोन रकाने ठेवलेत. पहिल्यात कागदावरचं नाव, अक्षरही न बदलता. दुसऱ्यात शोधापुरतं आजचं ठिकाण. बहुतेक गावांचं यात भागतं. बुडालेल्या गावाचं भागत नाही. मी म्हणतो, नकाशावरची खूण जलाशयावरच ठेवा, गाव तिथंच आहे. चुलतभाऊ म्हणतो, माणसं आज जिथं राहतात तिथं ठेवा, नाहीतर नातवंडं गाव शोधायला जाऊन पाणी बघून परत येतील. पुढच्या लग्नात मला विचाराल, तेव्हा त्यालाही बोलावून घ्या.