त्रिकोणी षड्ज

आमच्या घरी आजी काळी चारमध्ये गात असे आणि आजोबा काळी एकमध्ये. अभंग तोच, फक्त पेटीवरची पट्टी बदलायची. षड्ज आपण ठेवू तेथे असतो, ही गोष्ट आपल्याकडे मुलांना मुद्दाम शिकवावी लागत नाही. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या एका जुन्या गीतपुस्तकाचे पान पहिल्यांदा पडद्यावर पाहिले, तेव्हा ते परके वाटण्याऐवजी मला हसूच आले. पाच रेषांवर नेहमीचे गोल ठिपके नव्हते. सा त्रिकोणी होता, रे उघड्या वाटीसारखा, ग हुबेहूब शंकरपाळी, म काटकोनी त्रिकोण, प तेवढा गोल, ध चौकोनी आणि नि आइस्क्रीमच्या कोनासारखा. गाण्याची पट्टी कोणतीही असो, त्रिकोण दिसला की सा म्हणायचा. सात आकारांची ही पद्धत जेसी ऐकिन यांनी 1846 मध्ये पुस्तकात आणली; त्यापूर्वी चारच आकारांवर काम चालत असे. शहरी संगीतज्ञांनी या आकारांना गावंढळ ठरवले, पण खेड्यापाड्यांत दहा दिवसांच्या गायनशाळेत बसलेला शेतकरी त्यांच्या जोरावर न ऐकलेले गीत वाचून गाऊ लागे. त्यातही चार आवाजांत, म्हणजे वरचे दोन बायकांचे आणि खालचे दोन पुरुषांचे.

सदर्न गॉस्पेल नावाने आज जे ख्रिस्ती भक्तिसंगीत ओळखले जाते, त्याचा पाया हा आहे असे माझे मत झाले आहे. आधी वाचणारे तयार झाले, मग त्यांना विकायला पुस्तके लागली आणि पुस्तके भरायला गीते लागली.

या मंडळींत चक्क एक घराणे सापडते. व्हर्जिनियातील गीतपुस्तककार जोसेफ फंक यांचे नातू ऑल्डीन कीफर आणि कीफर यांचे मेहुणे इफ्रेम रूबुश हे अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात परस्परविरुद्ध सैन्यांत होते. कीफर दक्षिणेकडून लढताना कैदेत पडले आणि उत्तरेच्या बाजूला असलेल्या रूबुश यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. पुढे दोघांनी मिळून प्रकाशनसंस्था चालवली आणि 1870 पासून सात आकारांचा कैवार घेणारे एक मासिकही काढले. त्यांच्याकडे शिकलेल्या अँथनी शोवॉल्टर यांनी जॉर्जियातील डाल्टन येथे स्वतःचा छापखाना थाटला. शोवॉल्टर यांना 1887 मध्ये आपल्या दोन जुन्या शिष्यांची पत्रे आली. दोघांच्याही बायका नुकत्याच वारल्या होत्या. सांत्वनाचे उत्तर लिहिताना त्यांना बायबलातील देवाच्या ‘सनातन बाहूं’चे वचन आठवले, त्यावरून त्यांनी ध्रुपद आणि चाल बांधली आणि कडवी एलिशा हॉफमन यांच्याकडून लिहून घेतली. ‘लीनिंग ऑन दि एव्हरलास्टिंग आर्म्स’ हे ते गीत. शोकपत्राच्या उत्तरातून निघालेले असूनही ते पायाने ठेका धरायला लावते, याचे मला अजून नवल वाटते.

याच घराण्यात शिकलेले जेम्स वॉन हे मात्र हाडाचे व्यापारी. टेनेसीतील लॉरेन्सबर्ग या गावी त्यांची प्रकाशनसंस्था होती. 1910 मध्ये त्यांनी चार पुरुष गायक पगारावर नेमले आणि त्यांना गावोगावी पाठवले, ते आपली पुस्तके खपावीत म्हणून. सदर्न गॉस्पेलचा जन्म याच घटनेपासून मोजण्याची प्रथा आहे. एका धार्मिक संगीतप्रकाराचा जन्म फिरत्या विक्रेत्यांच्या पोटी व्हावा, हे काही भाविकांना खटकते. मला खटकत नाही. लोकांनी पुस्तक विकत घेतले ते घरी चौघांनी मिळून गाण्यासाठी, नुसते ऐकण्यासाठी नव्हे. आणि दरवर्षी नवे पुस्तक काढायचे म्हणून दरवर्षी नवी गीते लिहिणारी माणसे जोपासली गेली. बरीचशी गीते अर्थातच एकाच साच्याची निघाली. वॉन यांनी पुढे संगीतशाळा, ध्वनिमुद्रिका आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वतःचे रेडिओ केंद्रही काढले. त्यांच्याकडे काम केलेले व्ही. ओ. स्टॅम्प्स बाहेर पडले, जे. आर. बॅक्स्टर यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि 1929 पासून डॅलसमध्ये बसून तीच युक्ती त्याहून मोठ्या प्रमाणावर चालवली.

या सगळ्यांत मला जवळचे वाटते ते आर्कान्सॉमधील हार्टफर्ड नावाचे कोळसा खाणींचे छोटे गाव. तेथे यूजीन बार्टलेट गीतपुस्तकांची कंपनी आणि संगीतशाळा चालवत. हे गृहस्थ गंमतीचे. पाहुणे जेवेपर्यंत थंड बटाटा खात ताटकळणाऱ्या पोराचे विनोदी गाणेही त्यांचे, आणि 1939 मध्ये अर्धांगवायूच्या झटक्यानंतर लिहिलेले ‘व्हिक्टरी इन जीझस’ हे विजयगीतही त्यांचेच. दोनच वर्षांत ते वारले. त्यांच्या दारात 1926 मध्ये ओक्लाहोमाहून एक तरुण येऊन उभा राहिला होता. फीसाठी पैसे नव्हते. बार्टलेट यांनी त्याला शाळेत घेतले आणि घरीच ठेवून घेतले. तो आल्बर्ट ब्रमली.

ब्रमली कापूस पिकवणाऱ्या घरचे. 1929 च्या सुमारास वडिलांच्या शेतात कापूस वेचताना ते त्या काळी गाजलेले एका कैद्याचे गाणे गुणगुणत होते, ज्यात कैदी देवदूताचे पंख मागतो, तुरुंगाच्या भिंतींवरून उडून जायला. कापसाच्या वेचणीत माणूस दिवसभर वाकलेला असतो, बोंडांच्या टोकदार नख्यांनी बोटे सोलवटतात आणि पाठीवरून ओढलेली पिशवी जड होत जाते. या शेतातून आपल्यालाही उडून जाता आले तर, असे त्यांच्या मनात आले, आणि ‘आयल फ्लाय अवे’, म्हणजे ‘मी उडून जाईन’, हे गीत त्यातून घडले. हार्टफर्ड कंपनीने ते 1932 मध्ये छापले. या गीतांत सदान्‌कदा स्वर्गच कसा, अशी टीका होते आणि ती खोटी नाही. पण मंदीच्या काळात वाकून राबणाऱ्या माणसाने ‘उडून जाईन’ म्हणावे, यात मला पळपुटेपणा दिसत नाही; त्यात कैद्याचे गाणे शाबूत आहे.

एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. हा सारा प्रवाह गोऱ्यांचा होता. गायनमेळावे वेगळे, मंच वेगळे. त्याच काळात, जॉर्जियातच जन्मलेले कृष्णवर्णीय संगीतकार थॉमस डॉर्सी शिकागोत स्वतःची गीते स्वतःच छापून विकत होते. 1932 मध्ये बाळंतपणात पत्नी गेली आणि पाठोपाठ नवजात बाळही गेले, तेव्हा त्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ रचले. गाणी सीमा ओलांडून गेली: डॉर्सी यांचे ‘पीस इन द व्हॅली’ 1951 मध्ये रेड फोली या गोऱ्या गायकाच्या आवाजात तुफान खपले. माणसांना एका बाकावर बसायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

ब्रमली यांनी पुढे मिसुरीतील पॉवेल या खेड्यात घर केले. शेकड्यांनी गीते लिहिली, आणि सुरुवातीच्या अनेकांचे हक्क हार्टफर्ड कंपनीकडे होते. 1948 मध्ये त्यांनी ती कंपनीच विकत घेतली, आणि कापसाच्या शेतात सुचलेले गाणे अखेर त्यांच्या मालकीचे झाले. ते 1977 मध्ये वारले. मी परवा त्या गाण्याचे पान समोर ठेवून पेटीवर बसलो, त्रिकोण काळी एकवर बसवला आणि आकार पाहत पाहत सरगम म्हणत गेलो. दुसऱ्या ओळीपर्यंत माझे बोट दोनदा चुकले. सूर मात्र चुकला नाही.