माझा अनुभव : बाबांच्या पेटीतले शेअर आईच्या नावावर करताना

बाबा गेले २०२१ मध्ये आणि त्यांची पत्र्याची पेटी आम्ही उघडली पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात, तेही माळ्यावर गळायला लागलं म्हणून. घर डिचोलीला, कौलारू, जूनपासून इथं कागदाला जी ओल धरते ती गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. पेटीत एलआयसीच्या पावत्या, आम्हा दोघी बहिणींची प्रगतिपुस्तकं, आणि तळाला एका फाइलीत तीन कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं, ऐंशी-नव्वदच्या दशकातली. एकाचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. मला वाटलं गेलं सगळं, बाबांनी पगारातून पैसे बाजूला काढून घेतलेले ते, डोळ्यात पाणीच आलं.

आई म्हणाली, सोनं घेतलं असतं तर वाळवी लागली नसती.

आता सोन्याचंही आमच्या घरात घडलेलं आहे. आजीच्या पाटल्या पोर्तुगीज काळात पणजीला बँकेत गहाण होत्या, आणि डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला त्याच्या आधीच लोकांचं गहाण सोनं लिस्बनला गेलं होतं. ते परत आलं १९९१ मध्ये, मग स्टेट बँकेमार्फत लोकांना मिळालं. आजीनं ती पावती तीस वर्षं देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेली, शाई फिकी पडलेली पण नंबर वाचता येत होता, म्हणून पाटल्या घरी आल्या. हे मी आईला आठवून दिलं आणि म्हटलं, आपल्या सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या रजिस्टरमधला बाबांचा नंबर, अजून दिसतोय ना, मग बघूया.

आणि खरंच तसंच निघालं. कंपनीच्या रजिस्ट्रारला, म्हणजे कोणाचे किती शेअर याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, फोलिओ नंबर कळवला, उत्तर आलं की नाव रजिस्टरवर आहे, शेअर आहेत. म्हणजे कागद कुरतडला तरी मालकी कुठं जात नाही, ती कंपनीच्या रजिस्टरमध्ये असते. पण ते शेअर तसेच कागदावर नावावर करून मिळत नाहीत. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर होत नाहीत, वारसाला मिळतात पण २०२२ पासून तेही डीमॅटमध्येच, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात. तर आधी आईचं डीमॅट खातं, मग आयएसआर-१ नावाच्या फॉर्ममध्ये केवायसी, आयएसआर-२ वर बँक मॅनेजरकडून सहीची खात्री, आयएसआर-५ मध्ये वारसाचा अर्ज, मृत्यूदाखला, मूळ सर्टिफिकेटं, आमची संमती.

आणि वारसाचा पुरावा, तिथं आमची गाडी अडली. रजिस्ट्रारचं ऑफिस गोव्याबाहेर, त्यांना पाहिजे लीगल हेअरशिप सर्टिफिकेट, म्हणजे वारस दाखला, नाहीतर कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट. आमच्याकडे गोव्यात वारसाचा दस्त स्पेशल नोटरीपुढे होतो, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात, २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्याखाली. आम्ही तो आधीच केलेला, साक्षीदार नेले, पेपरात नोटीस छापली, हरकतीचे दिवस जाऊ दिले. त्यात आईचा अर्धा हिस्सा आधीपासूनच तिचा, कारण आमच्याकडे लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक, आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही दोघी बहिणी सारख्या. माझ्या नवऱ्याचीही सही लागली, तोही गोव्याचाच, म्हणजे आमचीही मालमत्ता सामाईक, म्हणून. हे सगळं फोनवर समजावताना पलीकडचा माणूस म्हणतो, मॅडम असा दस्त आम्ही पाहिलेला नाही. तीनदा पत्र पाठवलं, तिसऱ्या वेळी कायद्याची पानंच झेरॉक्स काढून जोडली, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमात वारस दाखला 'किंवा समकक्ष' असं आहे ते अधोरेखित केलं, तेव्हा मान्य झालं. गोव्यातल्या कोणाला हे करायचं असेल तर पानं पहिल्याच पत्राला जोडा, माझे चार महिने त्यात गेले.

नावाचं आणखी एक. बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं (कामतांचं कामोतीं व्हायचं तसं), सर्टिफिकेटवर वेगळं, पॅनवर तिसरंच. एकच माणूस आहे असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

मग रजिस्ट्रारकडून कन्फर्मेशनचं, म्हणजे शेअर आईच्या नावे मंजूर झाल्याचं, पत्र आलं. त्यावर १२० दिवसांची मुदत, तेवढ्यात डीमॅटची विनंती टाकावीच लागायची. आईचं आधार आणि पॅन यात एका अक्षराचा फरक निघाला, ते दुरुस्त होईपर्यंत मी रोज कॅलेंडर बघायचे, झोप लागत नव्हती, आणि सत्याण्णवाव्या दिवशी फॉर्म गेला. दोन कंपन्यांचे शेअर आता आईच्या खात्यात दिसतात. मोबाईलवर तिनं बाबांच्या कंपनीचं नाव वाचलं आणि नुसती बघत बसली.

तिसऱ्या कंपनीचे मात्र आईच्या खात्यात आलेच नाहीत. बाबांनी जुनं बँक खातं बंद केलेलं, डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, परत जात राहिला, आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी उचलला नाही की शेअर सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात. ते परत मागता येतात, आयईपीएफ-५ फॉर्म भरून, पण आधी कंपनीचं पत्र लागतं. हे मला जास्त लागलं. वाळवीनं कोपरा खाल्ला त्यानं काही अडलं नाही, पण पत्ता आणि खातं न बदलल्यानं शेअर हातचे गेले.

याच धावपळीत लॉकरचा करार नीट वाचला. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक, यात बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट इतकीच, आणि पूर-भूकंप बँकेच्या चुकीशिवाय झाला तर तीही नाही. तीन हजार भाडं धरा, म्हणजे तीन लाख. आत काय आहे हे बँकेला माहीतही नसतं. आजीच्या पाटल्या तिथंच आहेत, त्यांना कुठलंच रजिस्टर नाही. म्हणून वजन करून फोटो काढले, सोनाराची पावती जोडली, लॉकरला नॉमिनी टाकला. डीमॅटलाही टाकला, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअरबाबत हेच सांगितलं, म्हणून कोणाचा किती ते बहिणीला आणि मला आईनं स्वतः समोर बसवून सांगितलं.

पेटी आता रिकामी आहे. तिसऱ्या कंपनीचं पत्र यायचंय, आलं की फॉर्म भरते, बाबांच्या नावाचं प्रतिज्ञापत्र फाइलीत सगळ्यात वर ठेवलंय.